तोडकरांचा हात

सानिका घुगेला पहिली नोकरी लागली तेव्हा तिच्याकडं पदवी होती, एक नवी बॅग होती आणि अनुभव अजिबात नव्हता. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘नुकतेच उत्तीर्ण उमेदवार हवेत. अनुभव : पंधरा वर्षे.’ पूर्वी असली जाहिरात वाचून पोरं हसायची आणि दुसरी शोधायची. आता हसायची सोय उरली नव्हती, कारण खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ असायची, ‘अनुभव कंपनीतर्फे दिला जाईल.’

कंपनी कोल्हापूरजवळ शिरोलीला होती. तिला मोठं लांबलचक नाव होतं, पण तिथले सगळे नुसतं ‘कंपनी’ म्हणायचे, आपणही तेच म्हणू. तिथं बसगाड्यांचे ब्रेक ड्रम ओतले जायचे. ब्रेक ड्रम म्हणजे चाकाच्या आत बसणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जाडजूड डबा. ड्रायव्हरनं पाय दाबला की आतले पट्टे त्याला घासतात आणि बस थांबते. बीड ओतताना कधीकधी त्यात केसासारखी चीर राहून जाते. डोळ्यांना ती दिसत नाही. पण लहान हातोडीनं ठोकलं की चांगला ड्रम घंटेसारखा ‘ठण्ण’ वाजतो, आणि चिरलेला ‘थप्प’ करून गप्प बसतो. ह्या दोन्हींच्या मधले आवाजही बरेच असतात, आणि सगळी गंमत तिथंच आहे.

चीर शोधणारी यंत्रं होती. कंपनीनं आणलीही होती. पण विम्याच्या करारात एक जुनं कलम होतं की प्रत्येक ड्रम ‘किमान पंधरा वर्षे अनुभव असलेल्या हाताने’ तपासलेला असावा. तशा नोंद झालेल्या हातानं केलेलीच खूण लाइनवरचा कॅमेरा धरायचा. कलम घालणारा साहेब रिटायर झाला होता, त्यामुळं ते काढायचं कुणी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि पंधरा वर्षांचे हात तर एकेक करून शाल, नारळ नि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी चालले होते.

मग टोपी आली.

टोपीमागचं शास्त्र तसं सोपं आहे. सायकल शिकलेला माणूस ती विसरत नाही, पण तोल कसा धरतो विचारलं तर सांगू शकत नाही. ते ज्ञान शब्दांत नसतंच. ते मेंदूच्या पार तळाशी, सवयींच्या कोठारात असतं. दिवसा केलेली हालचाल त्या कोठारात पोचते ती झोपेत, कारण झोपेत मेंदू दिवसभराची उजळणी करतो, फार भराभर आणि पुन्हा पुन्हा. कुणीतरी असं केलं की जुन्या कारागिराला काम करताना डोक्याला जाळी नि मनगटाला पट्टा बांधला आणि त्याच्या मेंदूची नि स्नायूंची लय टिपून घेतली. मग नवख्या माणसाला टोपी घालून झोपवलं आणि त्याची उजळणी चालू झाली की त्यात ही उसनी लय हलक्या विजेच्या टिचक्यांनी मिसळून दिली. मेंदू झोपेत फार भोळा असतो. त्याला वाटतं हे आपणच शिकलोय. महिना-दीड महिना असं झोपलं की हात तयार.

सानिकाचा हात दीड महिन्यात तयार झाला. हॉलतिकीट घरी विसरणारी ही मुलगी एका सकाळी लाइनवर उभी राहिली, हातोडी उचलली, आणि जणू जन्मापासून हेच करत असल्यासारखे ड्रम वाजवत सुटली. ठण्ण, हिरवा खडू. ठण्ण, हिरवा खडू. थप्प, लाल खडू. मधल्या आवाजाला तिची मान आपोआप डावीकडं कलायची, हातोडी दुसऱ्या जागी पडायची आणि निकाल लागायचा. लाइनवरची माणसं बघत राहिली. प्रॉडक्शन मॅनेजर मगदूम साहेब म्हणाले की बावीस वर्षांच्या पोरीत पन्नाशीची समज आलीय. तिला खूप आनंद झाला. कॉलेजात चार वर्षं कुणी असं काही म्हणालं नव्हतं.

आता अडचण सांगतो. मेंदू सवयी सुट्या ठेवत नाही. तो त्यांचं गाठोडं बांधतो आणि गाठोड्याला एक दोरी लावून ठेवतो. दोरी म्हणजे इशारा : एखादा वास, भोंगा, पाठीवरची थाप. दोरी ओढली गेली की आतलं सगळं लागोपाठ बाहेर पडतं, मधेच थांबत नाही. हातोडी मारायची सवय ज्या गाठोड्यात होती त्यात आणखी काय काय होतं हे टोपी बनवणाऱ्यांनाही दिसत नव्हतं. म्हणून त्यांनी करारात लिहून ठेवलं होतं, ‘दात्याच्या किरकोळ लकबी उमटू शकतात.’

पहिली किरकोळ लकब सानिकाच्या आईला व्हिडिओ कॉलवर दिसली. जेवण झालं होतं. मुलगी पलंगावर बसून गप्पा मारत होती, आणि बोलता बोलता डाव्या तळहातावर उजवा अंगठा जोरजोरात फिरवत होती. मग तिनं तळहातावर दोन थापट्या मारल्या, चिमूट उचलली आणि खालच्या ओठाआड सारली. तळहात रिकामा होता, पण हिंगोलीत बसलेल्या आईला ते कसं कळणार?

“सानू, काय मळायलीस गं?” आई म्हणाली.

फोनच्या कडेला वडिलांचा अर्धा चेहरा दिसत होता. तोही दिसेनासा झाला. सानिकानं टोपीचं शास्त्र समजावलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की तंबाखू नाही तर मळतेस कशाला. सानिकानं तळहात मांडीखाली दाबला आणि विषय बदलला.

मग एकेक सुरू झालं. कधी चहा न पिणारी पोरगी कँटीनमध्ये चहा बशीत ओतून फुंकर मारायला लागली. बसण्याआधी खांद्यावरचा नसलेला टॉवेल काढून खुर्ची झटकायची. विचारात पडली की नसलेल्या मिशीवरून दोन बोटं फिरवायची. जेवताना चपातीचा शेवटचा तुकडा बाजूला ठेवून ‘यू यू’ करून कुत्र्याला हाक मारायची, आणि ती भाड्यानं राहत होती त्या घराची मालकीण मेसच्या दारातून बघत राहायची. एवढं चालून गेलं असतं. इतरांची अवस्था काही बरी नव्हती. तिच्या बॅचमधल्या एका मुलाला भट्टीवरच्या कुणाचा तरी हात मिळाला होता, आणि तो रोज जेवणानंतर दिसेल त्या पोत्यावर पालथा पडून घोरायचा. एकदा पाहुण्यांच्या समोर पडला. मगदूम साहेबांनी पाहुण्यांना सांगितलं की हा अनुभवाचा भाग आहे.

पाचच्या भोंग्याचं मात्र वेगळं होतं.

त्या दिवशी भोंगा झाला आणि सानिका गेटबाहेर पडली. डोक्यात वहिनीच्या डोहाळजेवणाला काय न्यायचं हे चालू होतं. पाय चालत होते. भानावर आली तेव्हा ती शिरोली गावात एका बैठ्या घरापुढं उभी होती, फाटकाच्या वरून आत हात घालून कडी काढत होती, आणि कडी नेमकी कुठं आहे हे हाताला ठाऊक होतं. चपला तिनं डावीकडं सोडल्या, नळाखाली पाय धुतले आणि पडवीत गेली.

आतून बाईमाणसाचा आवाज आला, “आला? दूध आणलं का आजबी विसरला?” आणि पाठोपाठ त्याच पडवीतून एक पुरुषी आवाज म्हणाला, “मी हितंच हाय की गं. मी कुठं गेलो हुतो?”

पडवीतल्या आरामखुर्चीत साठीचा एक माणूस बसला होता. मांडीवर टॉवेल, ओठावर पांढरी मिशी. सानिका त्याच खुर्चीत बसायला अर्धी वाकली होती.

ते विश्वास तोडकर. गेल्या वर्षी रिटायर झालेले, आणि शेवटचे काही महिने कंपनीनं डोक्याला जाळी बांधून ज्यांचा हात टिपला होता ते. शैलाकाकू बाहेर आल्या तेव्हा दोघंही एकदमच मिशीवरून बोटं फिरवत होती. काकूंनी एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा मुलीकडं, आणि त्यांना इतकं हसू आलं की त्या दाराला धरून खाली बसल्या.

दात्याचं नाव गुप्त ठेवायचा नियम होता. पायांना तो कुणी सांगितला नव्हता.

त्यानंतर ती अधूनमधून यायची, येताना आठवणीनं दूध आणायची. काकू म्हणायच्या की ह्या तोडकरला तरी दूध लक्षात राहतं. त्यांची लेक सोलापूरला दिली होती, घर रिकामं वाटायचं, आणि सानिकाला भाड्याच्या खोलीत उसळीवर उसळ खाऊन कंटाळा आला होता. तोडकर फार बोलायचे नाहीत. ती कामाचं काही विचारायला लागली की ते म्हणायचे, “तुला समदं येतंयच की आता. मला काय विचारतीस?” आणि उठून कुत्र्याला तुकडा टाकायला जायचे. ‘यू यू’ केल्यावर जे येत नव्हतं ते कुत्रं इथं होतं.

मग महिनाअखेर आली. सानिका लाइनवर लागल्यापासूनची पहिलीच.

महिन्याच्या शेवटी गाडी भरायची असते. ठरलेला आकडा गेला नाही तर वरचे साहेब मगदूम साहेबांना बोलावतात, आणि मगदूम साहेब येताना चेहरा तिथंच ठेवून येतात. त्या दुपारी ते चहाचे दोन ग्लास घेऊन लाइनवर आले. एक सानिकाच्या टेबलावर ठेवला. मोकळ्या झालेल्या हातानं तिच्या खांद्यावर थाप दिली आणि मऊ आवाजात म्हणाले, “आज गाडी जायचीय. बघून घे.”

सानिकानं हातोडी मारली. थप्प.

तिनं ते स्पष्ट ऐकलं. लाल, असं तिच्या मनात आलंसुद्धा. पण हात हिरव्या खडूकडं गेला होता, खूण करून झाली होती आणि हातोडी पुढच्या ड्रमवर होती. पुढचाही थप्प. हिरवा. तिला आपला हात धरावासा वाटला, पण धरायला दुसरा हात लागतो आणि तो ड्रम फिरवत होता.  कान ऐकत होते, डोकं ओरडत होतं आणि हात अगदी सावकाश, पंधरा वर्षांच्या शांतपणानं, हिरव्या खुणा करत चालला होता. साहेब पाठीमागं उभं राहून चहा पीत होते. ते गेले आणि हात पुन्हा तिचा झाला.

ती रंगकामाकडं धावली. ड्रम काळ्या रंगात बुडून एकसारखे झाले होते, अर्धे गाडीत चढले होते. तिनं मगदूम साहेबांना गाठलं आणि सांगितलं की काही ड्रम चिरलेले आहेत, गाडी थांबवा, मी ऐकलंय. त्यांनी विचारलं की खूण कुणी केली. ती म्हणाली, मी. त्यांनी विचारलं, मग? ती म्हणाली की हात ऐकत नव्हता.

मगदूम साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना दोन मुली होत्या, आणि ते दर संकष्टीला गणपतीला जायचे. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि समजुतीच्या स्वरात म्हणाले, “सानिका, ह्यालाच अनुभव म्हणतात.”

गाडी गेली.

त्या दिवशी ती तोडकरांकडं गेली ती आपल्या पायांनी. फाटकाशी थांबून हाक मारली. पडवीत उभी राहूनच विचारलं की काका, महिनाअखेरीला तुम्ही काय करत होता.

तोडकरांनी तिच्याकडं बघितलं नाही. रेडिओ लावायला उठले, लावला नाही, परत बसले. म्हणाले की तसं काही नसतं, मधले आवाज असतात, थोडं इकडंतिकडं होतं. काकू पातेलं घासत होत्या. त्यांनी पातेलं उपडं घातलं आणि हात पुसत बाहेर आल्या.

“ह्यास्नी विचार की, बसमधी का बसत न्हाईत,” त्या म्हणाल्या. “लेकीला पोर झालं तरी गेले न्हाईत. मी एकटी गेले. विचारलं की म्हणत्यात, गुडघं दुखत्यात.”

 कुत्रं येऊन तोडकरांच्या पायाशी बसलं.

“ऐकू यायचं गं,” शेवटी तोडकर म्हणाले. “कधीच ऐकू आलं न्हाई असं न्हाई. हात जायचा. पयल्या खेपंला मी दोन दिवस जेवलो न्हाई. दुसऱ्या खेपंला जेवलो.”

सानिकानं विचारलं की त्यातून कधी काही झालं का, कुठं अपघात वगैरे. त्यांनी मान हलवली. म्हणाले, “कळतच न्हाई की. कुठला ड्रम कुठल्या गाडीला लागला, त्या गाडीचं काय झालं, आपल्याला कोण सांगतंय? झालं असंल, नसंल. तेवढंच घिऊन बसलोय हितं.”

सानिकानं टोपीच्या डॉक्टरांना गाठलं. ते पुण्याहून महिन्यातून एकदा यायचे. तिनं कारण सांगितलं नाही, एवढंच विचारलं की नको असलेली लकब काढता येते का. डॉक्टर म्हणाले की सवय पुसता येत नाही, कुणाचीच. जुनं गाठोडं कोठारात राहतंच. पण त्याच दोरीला दुसरं गाठोडं बांधता येतं. तोच इशारा, वेगळी हालचाल, पुन्हा पुन्हा, जुन्याच्या वरचढ होईपर्यंत. टोपीचा अनुभव नको असं लिहून दिलं तर नोकरीही सोडावी लागेल, कारण मग पंधरा वर्षं जातील आणि नुसती सानिका उरेल. नुसत्या सानिकाला कंपनीत जागा नव्हती. आणि घरी वहिनीला दिवस गेलेले, भावाची नोकरी डळमळीत, वडील रिटायर व्हायला आलेले. ती पहिली कमावती मुलगी म्हणून आईनं आख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते.

मग तोडकरांच्या पडवीत शाळा भरली.

पाण्याच्या पिंपाखाली दोन जुने ड्रम टेकू म्हणून ठेवलेले होते. तोडकरांनी पिंप सरकवून ते काढले. एक ठण्ण वाजायचा, एक थप्प. सानिकानं खडू आणले, हिरवे आणि लाल. राहिला प्रश्न मगदूम साहेबांचा. तोडकर म्हणाले की मी होतो मगदूम, पण त्यांना ते जमेना. खांद्यावर हात ठेवायचा म्हटला की त्यांचाच चेहरा पडायचा. तेव्हा काकूंनी पदर खोचला, चहाचे दोन ग्लास घेतले आणि मागून आल्या. थाप दिली. “आज गाडी जायचीय,” असं त्या इतक्या मऊ आवाजात म्हणाल्या की सानिकाच्या अंगावर काटा आला. “बघून घे.”

थप्प. हिरवा.

“नापास,” काकू म्हणाल्या. “परत.”

रोज भोंग्यानंतर हेच. काकू रंगात आल्या. त्यांनी मगदूम साहेबांच्या तोंडी नवीन नवीन वाक्यं घातली. कन्फर्मेशनचं पत्र तयार आहे, फक्त सही राहिलीय. तुझ्यासारखी माणसं कंपनीला पाहिजेत. एका ड्रमनं काय जग बुडतंय? तोडकरांनी एकदा चमकून विचारलं की तुला हे सगळं कुठनं माहीत. काकू म्हणाल्या, “दर म्हैन्याला घरी यिऊन तुम्हीच बडबडत हुता की झोपंत.” शेजारच्या बाईनं कुंपणावरून विचारलं की हे काय चाललंय, तर काकूंनी सांगितलं, नाटक बसवतोय, गणपतीत करणार आहोत. मग तीही रोज खुर्ची टाकून बघायला लागली, आणि हिरवी खूण झाली की चुकचुकायची.

आठवडे गेले. मधे एक महिनाअखेर आली, आणि सानिकानं त्या आठवड्याला ताप असल्याची रजा टाकली. ताप खरंच आला, हे तिचं नशीब. मग एका संध्याकाळी काकूंची थाप पडली, थप्प वाजलं, हात हिरव्याकडं निघाला आणि वाटेतच थांबला. नुसता थांबला. हवेत. सानिकानं त्याच्याकडं परक्या माणसाकडं बघावं तसं बघितलं. मग तो वळला आणि त्यानं लाल खडू उचलला.

शेजारीण टाळ्या वाजवायला लागली. काकूंनी सानिकाला जवळ घेतलं. तोडकर खुर्चीतून उठले, पुढं आले आणि म्हणाले, “द्या, मलाबी बघू द्या.”

काकूंनी थाप दिली. तोडकरांनी ड्रम वाजवला. हिरवा. पुन्हा वाजवला. हिरवा. तिसऱ्यांदा त्यांनी हिरवा खडू आधीच लांब ठेवला, तर हात तिथंपर्यंत लांब गेला. चौथ्यांदा काकूंनीच थाप दिली नाही. त्यांनी नवऱ्याच्या हातातून हातोडी काढून घेतली आणि चहा गार झाला म्हणून आत गेल्या. तोडकर त्या ड्रमकडं बघत कितीतरी वेळ उभे होते.

इकडं कंपनीला वेगळीच काळजी लागली होती. कर्नाटकात नवा कारखाना निघत होता, तिथं तीसेक नवी पोरं घ्यायची होती, आणि तोडकरांचं टिपण त्यांना द्यायचं म्हणजे तीस जणं एकदम तळहात मळायला लागणार. परदेशी ग्राहकांना ते बघवणार नाही असं वरून आलं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपल्याकडं आयता तरुण, स्वच्छ, निर्व्यसनी पंधरा वर्षांचा अनुभव आहे. सानिकाचाच हात टिपायचा; तिला लाइनवर तळहात मळताना कुणी पाहिलं नव्हतं. मगदूम साहेबांनी तिला बोलावून सांगितलं की जाळी घालून महिनाभर काम कर, महिना संपला की तू कन्फर्म, शिवाय अनुभवदाता म्हणून तुझं नाव लागेल. बावीस वर्षांची अनुभवदाता. आईला फोनवर सांगितलं तेव्हा आईनं फक्त एवढंच विचारलं की टोपीवाला बुवा आता सोडून गेला का.

सानिकाला मात्र झोप येईना. आता तिचा हात तीस जणांत जाणार होता, आणि त्या तीस जणांकडून पुढं कुठं कुठं.

महिनाअखेर आली. डोक्याला जाळी, मनगटाला पट्टा. मगदूम साहेब चहाचे दोन ग्लास घेऊन आले. थाप पडली.

“आज गाडी जायचीय. बघून घे.”

थप्प.

हात निघाला. हवेत थांबला. साहेबांचा श्वास तिला मानेपाशी ऐकू येत होता. हात वळला आणि लाल रेघ ओढली गेली.

साहेबांनी खिशातून रुमाल काढला, रेघ पुसली आणि पुन्हा वाजव म्हणाले. थप्प. लाल. त्यांनी पुन्हा पुसली. पुन्हा थाप, ह्या वेळी जरा जड. लाल. मग त्यांनी स्वतः हिरवा खडू उचलला, पण लाइनवरचा कॅमेरा नोंद झालेल्या पंधरा वर्षांच्या हाताशिवाय कुणाचीच खूण धरत नव्हता. मगदूम साहेबांना सत्तावीस वर्षांचा अनुभव होता, पण तो नुसता चहा आणण्याचा.

“तुला कन्फर्म व्हायचंय ना?” ते हळू आवाजात म्हणाले. काकूंच्या मगदूमपेक्षा खरे मगदूम कमीच पडले.

“व्हायचंय, सर,” ती म्हणाली. “ड्रम चिरलाय.”

गाडी अर्धी रिकामी गेली. तो आठवडाभर साहेब रोज आले, रोज थाप दिली, रोज लाल रेघा पुसून त्यांचा रुमाल गुलाबी झाला, आणि हे सगळं जाळी इमानेइतबारे टिपत राहिली.

सानिका कन्फर्म झाली नाही. प्रोबेशन वाढवलं. तिला काढून टाकायचीही तयारी होती, पण तोवर टिपण कर्नाटकात पोचलं होतं, कारण गाठोड्यात काय आहे ते तिथंही कुणाला दिसत नव्हतं. तीस जणांच्या प्रमाणपत्रांवर अनुभवदाता म्हणून तिचं नाव छापलं गेलं होतं, आणि नियम असा की दाता रिटायर झाला तर चालतो, पण त्याला काढून टाकलं तर त्यानं दिलेला अनुभव बाद. त्यामुळं तिला ठेवणं भाग होतं. पंधरा वर्षांचा अनुभव आणि कायमचं प्रोबेशन, अशी ती कंपनीतली एकमेव बाई झाली.

नव्या कारखान्याची पहिली महिनाअखेर आली. तिथल्या मॅनेजरनं मोठ्या हौसेनं ट्रे भरून चहा आणला, सगळ्या लाइनवरून फिरत एकेकाच्या खांद्यावर थाप दिली आणि गाडी जायचीय म्हणून सांगितलं. म्हणतात की थाप पडली तसतसे हात हवेत थांबत गेले. मग एकेक करून सगळ्यांनी लाल खडू उचलला. मॅनेजरनं टोपी खराब आलीय अशी तक्रार केली. डॉक्टर पुण्याहून जाऊन तपासून आले आणि त्यांनी कळवलं की टोपी उत्तम चालू आहे. एकच किरकोळ लकब दिसली. खूण केल्यावर सगळी पोरं मिशीवरून दोन बोटं फिरवतात, मुलीसुद्धा.

दिवाळीला सानिका हिंगोलीला निघाली. सोलापूरपर्यंत तोडकर नि काकूंची सोबत होती. तोडकरांनी स्वतःच तिकिटं काढली होती, काकूंना न सांगता. कोल्हापूरच्या स्टँडवर बस लागली तेव्हा ते मागच्या चाकापाशी वाकून बराच वेळ बघत होते. सानिकानं विचारलं की आणायला हवी होती का हातोडी.

“चाक बसल्यावर काय कळत न्हाई,” ते म्हणाले.

तिलाही ते माहीत होतं. पहिल्या महिनाअखेरीचे तिचे हिरवे ड्रम रस्त्यावर कुठंतरी फिरत होते. ह्या बसला असतील, नसतील. त्या वजनाची तिला सवय झाली नव्हती, आणि होऊ द्यायची नव्हती.

काकूंनी पुढं ड्रायव्हरमागची सीट धरली होती, पण तोडकर थेट मागच्या चाकावरच्या सीटवर जाऊन बसले. तिथं एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती, तिच्या शेजारी. काकू पिशवी उचलून मागं आल्या. सानिकाही आली.

बस स्टँडबाहेर पडली आणि समोर रिक्षा आडवी आली तसा ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. खालून चाकाचा लांब, घासल्याचा आवाज आला. तोडकरांचा उजवा हात मांडीवरच हातोडी धरल्यासारखा आवळला गेला. शेजारी सानिकाचाही. दोघांच्या माना डावीकडं कलल्या, ऐकत राहिल्या.

बस थांबली होती. मांडीवरचं पोर जागं झालं नव्हतं. रिक्षा गेली, ड्रायव्हरनं गिअर टाकला, आणि काकूंनी दोघांच्याही मुठी एकेक करून उघडून त्यांत चिवडा ठेवला.